आईच्या खोलीतला श्वास

३ फेब्रुवारी

भोंग्या,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

फोन करत नाहीये, कारण फोनवर मी बोलत सुटेन, तू नुसता ‘हं, हं’ करशील आणि पलीकडे रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवशील. तुझा काय भरवसा! उद्या एखाद्या सिनेमात कुणी बाई तणतणताना दिसेल आणि मागे आवाज माझा. त्यापेक्षा कागद बरा.

तू ज्याचे आवाज लावतोयस त्या सिनेमाचा शेवटचा भाग काल इथे आला, पाय करायला. पाय करणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण हल्ली मुलाखतींत तू ‘ध्वनीचं तत्त्वज्ञान’ वगैरे बोलतोस, तेव्हा विसरला असशील म्हणून सांगते. पडद्यावर माणसं चालतात, आणि त्यांच्या चालण्याचा आवाज मी इथे काढते, बाबांच्या त्याच कोंदट स्टुडिओत, त्याच वाळूच्या आणि खडीच्या चौकटीत उभी राहून. हिरॉइन मीच, तिचा नवराही मीच, आणि जिन्यावरून धडधडत येणारे गुंडही एकामागून एक मीच. गुडघे आता कुरकुरतात. तो आवाज फुकट जातो, कारण तुझ्या सिनेमात कुणाला संधिवात नसतो.

तर सीन असा. म्हातारी आई शेवटच्या घटका मोजतेय, मुलगी अनवाणी खोलीत येते आणि पलंगाशी बसते. तिची पावलं करायची म्हणून मी चपला काढल्या, हेडफोन लावला आणि चित्र सुरू केलं. तू कच्चे आवाज चित्राखाली लावून ठेवलेच होतेस. दोन-तीन पावलं टाकली असतील-नसतील, आणि माझा पाय तिथल्या तिथे थांबला.

आधी ऐकू आलं ते मशीन. आईचं ऑक्सिजनचं मशीन. तशी जगात ढिगाने असतील, पण आपल्या मशीनचा एक रबरी पाय गेला होता आणि त्याखाली मी पुठ्ठा दुमडून घातला होता, म्हणून ते मध्येच ‘ठक’ करायचं. तो ‘ठक’ मी अख्खा हिवाळा ऐकलाय. आणि त्या मशीनच्या वर, श्वास. आत घेताना नाकात बारीक शिट्टी, मग एक अडकणं, मग सगळा श्वास एकदम सुटणं. तीच शिट्टी, वाकड्या हाडाची. मावशी म्हणायची ना, पोरीने नाक आईचं घेतलं आणि पाय बापाचे. ती शिट्टी मी ओळखणार नाही, तर कोण ओळखणार?

तुला लाज कशी नाही वाटली रे?

इतकी वर्षं झाली तरी ती दुपार मला आजच्यासारखी आठवते. महिनोन्महिने तोंड दाखवलं नव्हतंस आणि त्या दिवशी उगवलास. खांद्याला बॅग, बॅगेत रेकॉर्डर. खिडकीत ठेवलास आणि म्हणालास, “असू दे ताई, खोलीचा आवाज घेतोय नुसता.” बाबांचा एकच नियम होता घरात. माइक स्टुडिओत राहील, घरात येणार नाही. घरात माणसं राहतात, म्हणायचे, आवाज नाही. चहाच्या कपाचा आवाज हवा असला तरी कप स्टुडिओत न्यायचे, माइक कधी स्वयंपाकघरात आणला नाही त्यांनी. मी त्या दिवशी तोंड उघडणार होते, पण माझ्यात भांडायचीही ताकद उरली नव्हती.

आईने तर आठवडाभर शब्द काढला नव्हता. श्वाससुद्धा असा बारीक झाला होता की मशीनच्या घरघरीत कानाला लागायचाच नाही, मी तिच्या छातीवर तळहात ठेवून बघत बसायचे. तुझ्या माइकला मात्र बरोब्बर लागला. महागातला असेल.

मी खुर्चीला जरा मान टेकली होती, एवढंच. मान वर केली तर तू नाहीस. ‘येतो’ नाही, निरोप नाही, पावलांचा आवाजसुद्धा नाही! पाय करणाऱ्या बाईच्या घरातून पाय न वाजवता सटकायचं, म्हणजे ठरवून केलंस. वर आईच्या अंगावरची शाल काढून खुर्चीवर टाकलेली. ऐन थंडीत उघडी पडली होती बिचारी. तिचे हात चोळून चोळून मी गरम करत बसले. त्याच संध्याकाळी ती गेली. माझा हात तिच्या हातात होता, हे तुला सांगितलंय. सगळ्यांनाच सांगितलंय. शेवटचे कितीतरी दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, हेही.

आता नीट ऐक. तो श्वास सिनेमातून काढ. आणि त्या दुपारचं जेवढं रेकॉर्डिंग आहे तेवढं सगळं माझ्याकडे पाठव, स्वतःजवळ काही ठेवू नकोस. आपली आई तिकीट काढून ऐकायची वस्तू नाही.

सही करत नाही. अक्षर ओळखशील.


१४ फेब्रुवारी

भोंग्या,

उत्तर नाही. तुझ्या ऑफिसातल्या मुलीचा निरोप आला, “सर खूप बिझी आहेत, पण त्यांना तुमचं पत्र मिळालंय.” वा! सर! मी तुझं शेंबडं नाक पुसलंय हे त्या मुलीला सांगू का? भोंग्या नाव कसं पडलं तेही सांगते हवं तर. पाळण्यात असताना असा भोकाड पसरायचास की शेजारी भिंत ठोकायचे, आणि मग आई तुला उचलून बाबांच्या स्टुडिओत नेऊन ठेवायची, कारण तिथल्या भिंतींतून आवाज बाहेर जात नसे. तेव्हापासून तुला वाटतंय की तू ओरडलास तर दुनियेने ऐकायचं आणि दुसरं कुणी ओरडलं तर दार लावून घ्यायचं.

परवा तुझी मुलाखत वाचली. “ऐकायला मला माझ्या आईने शिकवलं.” असं का! आईने? आणि करवंट्या आपटून घोडा कसा पळवायचा, कॉर्नफ्लोअरच्या पिशवीत पाय दाबून बर्फात कसं चालायचं, गाजर कानापाशी मोडून हाड कसं मोडायचं, हे दाखवणारे बाबा कुठे गेले? खऱ्या वस्तूचा खरा आवाज पडद्यावर खोटा वाटतो, हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं? आणि खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून तुझ्यासाठी गाजरं धरणारी मी? एवढ्या मोठ्या मुलाखतीत माझ्यावर एक ओळसुद्धा नाही. अगदी खाली बारीक अक्षरांत छापतात ना, छायाचित्र कुणाचं वगैरे, तिथेही शोधलं मी.

तुला तो खेळ आठवतो? बाबा आपल्या सगळ्यांना एकेक करून लाकडी फळीवर चालवायचे, रेकॉर्ड करायचे, आणि मग दिवा मालवून वाजवायचे. कोण चाललं ते सांगायचं. तू एकदाही चुकला नाहीस. मी मात्र दरवेळी माझी पावलं आली की छातीठोकपणे “ही आई!” म्हणायचे आणि तू जमिनीवर लोळून हसायचास. आई रागवायची तुला. पण हसायचीही. त्या वेळी कान तुझेच तेज होते, हे मी कबूल करते. म्हणून तर कळत नाही, असल्या कानाच्या माणसाला एवढं कसं ऐकू आलं नाही, की हे वापरायचं नसतं.

खरं सांगू? मला त्या श्वासाचा राग आलाच, पण त्याहून वेगळा राग आलाय. तू तो इतका चांगला लावलायस. मुलगी पलंगाशी बसते तिथे मशीनचा आवाज हळूहळू मागे नेलास आणि श्वास तेवढा पुढे आणलास. बघणारा रडणारच. मीसुद्धा रडले, आणि मग स्वतःचीच किळस आली. आई गेल्यावर मी रडले नव्हते. कामं होती. डॉक्टर, कागद, भाड्याचं मशीन परत करायचं, तुला कळवायचं. तुझा फोन लागत नव्हता कारण तू गाडीत होतास. रडायचं राहून गेलं ते तुझ्या सिनेमात झालं. हेही तूच घेतलंस.

शुक्रवारपर्यंत थांबते. डिरेक्टरबाई माझं काम ऐकायला इथे येणार आहेत. तोवर तुझं उत्तर नाही आलं तर त्यांना मी सगळं सांगणार. पोकळ धमक्या द्यायची सवय मला नाही, तुला माहीत आहे.


२३ फेब्रुवारी

भोंग्या,

सांगितलं.

आधी पावलं ऐकवली. बाईंना आवडली. मग तो सीन आला तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला आणि म्हटलं, “बाई, हा श्वास कुणाचा आहे तुम्हाला माहीत आहे?” त्या म्हणाल्या, “घरचा आवाज आहे, असं म्हणाला होता तो. मी जास्त खोलात गेले नाही.” घरचा आवाज! मग मी सांगितलं. की ही आमची आई आहे. की त्या दिवशी संध्याकाळी ती गेली. की कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

बाई उठून बाहेर गेल्या. बाहेरच्या नळावर तोंड धुतल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांनी माझ्यासमोर तुला फोन लावला. तू बोललास ते मला ऐकू आलं नाही, त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं, “हे तुझ्या आईच्या खोलीत, त्याच दिवशी रेकॉर्ड केलंयस?” तू म्हणालास, हो. “बहिणीला विचारलं होतंस?” तू म्हणालास, नाही. “तुला काही सांगायचंय?” तर तू म्हणालास, नाही.

बस? एवढंच? माझा भोंग्या, ज्याने लहानपणी आईस्क्रीमच्या कांडीवरून भोकाड पसरून अख्खी इमारत गोळा केली होती, त्याला सांगायला काही नाही?

तर तुला काढलंय. तुला कळलंच असेल. बाई म्हणाल्या, “मरणाऱ्या माणसाशी असं वागणाऱ्याचं नाव माझ्या सिनेमावर नको.” बाकीचं मिक्सिंग इथेच होईल, मिक्सिंगवाल्या काकांकडे, बाबांच्या वेळच्या त्याच. तुझं नाव नामावलीतून उतरलं. लोक म्हणतात तुझा सगळ्यात चांगला सिनेमा होता हा. असेल.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. तू भांडशील, मी भांडेन, सगळी गरळ एकदाची बाहेर पडेल. तू हे असं मुकाट्याने घेतलंस, त्यामुळे मला धड जिंकल्यासारखंही वाटत नाहीये. नेहमी असंच करतोस तू. भांडण माझ्या गळ्यात घालून निघून जातोस.

आणि आता गंमत ऐक. तो श्वास काढला तर तिथे भोक पडलंय. काहीतरी हवं ना. बाईंनी मलाच सांगितलं, “तुम्ही करा. तुम्ही त्यांच्या शेजारी होता, तुम्हाला माहीत आहे कसा होता तो.” मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस. हे आपलं काम आहे, भोंग्या. खरा घोडा आणायचा नाही, करवंट्या घ्यायच्या. मी आईला चोरणार नाही, मी आईचा आवाज काढेन. फरक आहे यात. निदान मला तरी दिसतो.


४ मार्च

भोंग्या,

काल केला. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळणार नाही. ही काय दैना आहे बघ, तुझ्याशी बोलायचं नाही आणि तुझ्याशिवाय कुणाशी बोलता येत नाही.

स्टुडिओच्या जमिनीवर गादी टाकून आडवी झाले, माइक तोंडापासून वीतभर. छातीवर आईची शाल घेतली, म्हणजे श्वासाबरोबर कापड थोडं हलेल. हो, आईचीच शाल. ती मी कामाला ठेवलीये. जुनी लोकर, मऊ सळसळ येते, कुठल्याच नव्या कापडाला येत नाही. हिरॉइनने पांघरूण घेतलं, म्हातारबाबाने कोट चढवला, सगळं त्या एका शालीवर भागतं. डोळे मिटून सांगेन, ती शाल ओढली की झटकली की नुसती हाताने सारखी केली. आता म्हणशील, मग ताई, तू काय वेगळं केलंस? शाल म्हणजे श्वास नव्हे. गप्प बस.

आधी जमेना. जागेपणी श्वास घ्यायचा म्हटलं की माणूस नाटक करतो. काका काचेपलीकडून म्हणाले, “पोरी, तू मरतेयस. मरू नकोस. नुसती पडून राहा.” मग मी आईची खोली आठवली. मशीन, खिडकी, औषधांचा वास, ती खुर्ची. अंग सैल सोडलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, बहुतेक डुलकीच लागली असावी, कारण काकांनी काचेवर टकटक केलं तेव्हा दचकून उठले.

डिरेक्टरबाई आल्या, त्यांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. “मी जुना काढायला सांगितला होता ना? परत तोच का लावलाय?”

मी म्हटलं, “अहो, हा नवा आहे. आत्ता केलाय, या गादीवर.” त्यांना खरं वाटेना. शेवटी काकांनी पडद्यावर दोन्ही आवाजांचे आलेख एकाखाली एक लावून दाखवले, जुना वर, नवा खाली. शिट्टी तिथेच. अडकणं तिथेच. सुटणंसुद्धा तसंच, शेवटी ओठांचा तो बारीक फुस्स. बाई म्हणाल्या, “काय कला आहे हो तुमच्या हातात!” मी अशी फुलले की काय सांगू. वाटलं, आई आली माझ्या अंगात. वाटलं, भोंग्याने ऐकायला हवं होतं.

बाई गेल्यावर काका वायरी गुंडाळत बसले. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “नक्कल मूळच्यापेक्षा जराशी जास्तच होते गं. तुझा बाप एवढा पक्का, त्याचा घोडासुद्धा खऱ्या घोड्यापेक्षा जरा जास्त पळायचा. हे जास्त नाही.”

“मग चांगलंच आहे की!”

“चांगलंच आहे,” म्हणाले. आणि मग, “त्या दुपारी खोलीत कोण कोण होतं गं?”

मी म्हटलं, आई होती, तो होता, मी होते. आणखी कोण असणार? काकांनी मान हलवली आणि वायर खुंटीला अडकवली. मला इतका राग आला त्यांचा! वय झालंय त्यांचं, काहीतरी खुसपट काढतात. पण कालपासून ते डोक्यातून जात नाहीये.

मूळ रेकॉर्डिंग पाठव. वादासाठी नको. मला ऐकायचंय.


१५ मार्च

भोंग्या,

पाकीट मिळालं. आत नुसता पेनड्राइव्ह, चिठ्ठी नाही, चिटोरं नाही. पत्ता तेवढा तुझ्या हाताचा, बाबांसारखे गोल आकडे.

सकाळी कामाला सुट्टी दिली आणि स्टुडिओत बसून ऐकलं. आधी मशीन. ठक. तुझी खुर्ची सरकल्याचा आवाज, तू बॅगेची चेन लावलीस तो. आणि श्वास सुरू झाला, शिट्टी, अडकणं, सुटणं. मी डोळे मिटून बसले होते. म्हटलं, आई, बघ, मी तुला परत आणलं.

आणि आई बोलली.

श्वास चालूच होता, भोंग्या, आणि त्याच्यावरून आई बोलली. “हळू बोल. झोपलीये ती.”

मी थांबवलं. परत मागे नेलं. एका नाकातून माणूस घोरतही असेल आणि त्याच वेळी बोलतही असेल, असं होत नाही, हे कळायला काही तज्ज्ञ लागत नाही. तरी मला पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं. तिचा आवाज दोऱ्यासारखा बारीक झालेला, पण शब्द सगळे धड. आठवडाभर माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

मग तू. “उठवू का? मला निघायला हवं, तिला सांगून जातो.”

“नको. किती दिवसांनी डोळा लागलाय बाईचा. उठली की तुला बोलेल, मग तू तिला बोलशील. मला नको आता ते. तू जा.”

“तुला काही देऊ? पाणी?”

“ही शाल घाल तिच्या अंगावर.”

“आणि तू?”

“मला गरम होतंय.”

खोटं. साफ खोटं. तिची बोटं बर्फ झालेली असायची. आणि तू ते ऐकलंस. मला ऐकू आलं तू ऐकलंस ते, कारण ती सळसळ माझ्याइतकी कुणाला कळणार? कितीतरी सिनेमांत मी ती शाल पांघरलीये, ओढलीये, झटकलीये. आधी लांबून, पलंगाकडून, उचलल्याची. मग जवळ. मग श्वासाच्या अगदी वर, हळू, दोन्ही खांद्यांवर सारखी केल्याची. श्वास एकदा अडखळला आणि परत सुरू झाला. ती खुर्चीवर टाकलेली नव्हती. माझ्या अंगावर होती. मी उठले तेव्हाही माझ्या अंगावरच होती, आणि तुला पहिल्या पत्रात मी लिहिलं खुर्चीवर. झोपले होते, हे लिहायला हात गेला नाही. स्वतःशीसुद्धा कधी गेला नाही.

मग आई म्हणाली, “चपला हातात घे.” आणि तू घेतल्यास. तुझी अनवाणी पावलं मी ओळखली, टाच आधी, मग चवडा, बाबांसारखी. दारापर्यंत गेलास. थांबलास. परत खिडकीशी आलास, रेकॉर्डर उचलायला. आणि तेवढ्यात मी घोरले, जोरात, शिट्टी मारून. आई हसली. “बघ कशी घोरतेय,” म्हणाली, “लहानपणीसारखी.” तिथे तू बटण दाबलंस.

ते हसू मी दिवसभर ऐकतेय. एवढंसं आहे. तिचं शेवटचं. ते तुझ्याकडे होतं.

तू फोनवर डिरेक्टरबाईंना ‘काही सांगायचं नाही’ का म्हणालास ते आता कळलं. मी गावभर सांगत फिरले की आईपाशी मी डोळा मिटला नाही, आणि तू ते मला सांगू दिलंस. तुझं नाव गेलं, काम गेलं, तरी सांगू दिलंस. मोठाच झालास म्हणायचा! पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. माझा श्वास मला न विचारता उचललास आणि एका मरणाऱ्या बाईला लावलास. मी दमून झोपले होते आणि तुला त्यात मरण ऐकू आलं. का, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

दुपारी बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, झोपेसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नामावली छापून झाली. सिनेमाची प्रत लॅबमधून बाहेर पडलीये. आणि तुमचा असला तरी विचारलं नव्हतं त्याने, नाही का?” मी म्हटलं, मग माझं नाव तरी काढा. तेही आता निघत नाही म्हणाल्या. तर सिनेमाच्या शेवटी माझं नाव येईल, पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत, आणि तुझं येणार नाही. काकांना विचारलं, दोन्हींतला कुठला बरा होता? ते म्हणाले, पहिला. अंगावर शाल पडते तिथे जो अडखळतो ना, तो पहिला.

ती शाल आता घरी आणलीये. अंगावर घेऊनच लिहितेय हे. तिला आता गाजराचा आणि कॉर्नफ्लोअरचा वास येतो, आईचा येत नाही. तो मी कामात घालवला.

एक गोष्ट मात्र तुला माफ करणार नाही. आईने ‘झोपू नकोस’ म्हटलं की झोपायचास, ‘थांब’ म्हटलं की पळायचास. जन्मात तिचं एक ऐकलं नाहीस. आणि नेमकं त्या दुपारी ऐकलंस. ती बोलत होती रे. ती बोलत होती आणि मी हातभर अंतरावर होते. मला उठवायला हवं होतंस.

ताई